फाइलीला पंच नसतो

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लावतात, हे महाराष्ट्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्या बहुतेकांना ढोबळमानाने ठाऊक असते. तक्रारदार १०६४ वर फोन करतो किंवा थेट कार्यालयात येऊन अर्ज देतो. लाचेची मागणी खरोखर झाली आहे का याची आधी पडताळणी होते. तक्रारदाराजवळ रेकॉर्डर देऊन त्याला संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवतात आणि सोबत दोन पंचांपैकी एक देतात. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावली जाते. पैसे घेतल्याचा ठरलेला इशारा मिळाला की पथक आत शिरते आणि पैसे घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली जातात. पाणी गुलाबी झाले की ते बाटलीत भरून, मोहोर लावून, त्यावर पंचांच्या सह्या होतात. हे दोन पंच सहसा दुसऱ्याच एखाद्या सरकारी कार्यालयातून बोलावलेले असतात. त्यांना या प्रकरणाशी काही देणेघेणे नसते, आणि नसावे हीच अपेक्षा असते. लोकांच्या लक्षात राहते ते गुलाबी पाणी, पण या सगळ्या खटाटोपातली खरी हुशारी पंचांमध्ये आहे. त्यांच्या नेमणुकीत तपास अधिकारी खोटा आहे असा आरोप नसतो. त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, एवढेच त्यात गृहीत असते. ज्याचा निकालात काही स्वार्थ नाही असा कोणीतरी तिथे हजर पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे फौजदार आणि हवालदार दोघांनाही पाठ आहे.

मात्र पंचांचे काम काही तासांत संपते. त्यानंतर जे घडते ते फाइलीत घडते, आणि फाइलीला पंच नसतो. अटकेनंतर कोठडीत अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काळ गेला की कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. पगाराच्या जागी निर्वाह भत्ता सुरू होतो. पुढे अभियोग चालवायची मंजुरी, दोषारोपपत्र, विशेष न्यायालय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हायचा असतो आणि मुदतवाढी धरून एकूण काळ सहसा चार वर्षांवर जाऊ नये असे म्हटले आहे. पण ही मुदत खटल्याची आहे; त्याआधीच्या तपासाची नाही. दरम्यान माणूस सेवानिवृत्त झाला तर तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते आणि ग्रॅच्युइटी प्रकरण निकाली निघेपर्यंत अडकते. सापळ्याच्या प्रकरणात निदान सुरुवातीला पंच तरी होते. अपसंपदेच्या प्रकरणात तेही नाही. ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता जमवली असा आरोप असतो तेव्हा सगळा गुन्हा बेरीज-वजाबाकीत असतो. बायकोच्या शिवणकामाची मिळकत धरायची की नाही, सासऱ्याने दिलेले पैसे मानायचे की नाही, वडिलोपार्जित शेतीचे उत्पन्न कोणत्या दराने काढायचे, घरखर्च पगाराच्या किती टक्के समजायचा, हे सगळे तपास अधिकारी आपल्या टेबलावर ठरवतो. हिशेब एका बाजूला झुकवला तर माणूस गुन्हेगार, दुसऱ्या बाजूला झुकवला तर काटकसरी. हा हिशेब न्यायाधीशांसमोर यायला कित्येकदा वर्षे लागतात, आणि तोपर्यंत तो बरोबर मांडला आहे का हे पाहणारा तपास यंत्रणेच्या बाहेरचा कोणी नसतो.

यावर पहिले उत्तर असे येते की न्यायालय आहेच की. निर्दोष असेल तर सुटेल. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. ते दोन वेगळे प्रश्न एकाच दावणीला बांधते. या माणसाने पैसे खाल्ले का, हा एक प्रश्न. या माणसाचा तपास नीट झाला का, हा दुसरा. फौजदारी न्यायालय पहिल्याचे उत्तर देते आणि दुसऱ्याला गरजेपुरताच हात लावते. तपास पूर्णपणे प्रामाणिक असूनही आरोपी सुटू शकतो, कारण साक्षीदार फितूर झाला किंवा मंजुरीच्या कागदात त्रुटी राहिली. उलट, आरोपी खरोखर दोषी असूनही तपासात त्याच्या बाजूचे कागद दडपले गेलेले असू शकतात. आपल्या निकालपत्रांत ‘संशयाचा फायदा देऊन मुक्त’ हा जो शब्दप्रयोग येतो, तो या दोन प्रश्नांची गल्लत झाल्याची खूणच आहे. माणूस सुटतो, संशय त्याच्या नावावर राहतो आणि तो संशय कुठून आला याची विचारपूस होत नाही. खात्याला तर एवढे पुरते. फौजदारी खटल्यात लागणारा पुरावा आणि विभागीय चौकशीत लागणारा पुरावा यांची मापे वेगळी, हे आपल्या कायद्यात पक्के झाले आहे. त्यामुळे न्यायालयातून सुटलेल्या माणसाला त्याच आरोपासाठी खाते पुन्हा बोलावू शकते, आणि निलंबनकाळाचा पूर्ण पगार सुटकेबरोबर आपोआप मिळत नाही.

जैन हवाला प्रकरण या गल्लतीचे मोठे उदाहरण आहे. १९९१ साली केंद्रीय अन्वेषण विभागाला म्हणजे सीबीआयला छाप्यात काही डायऱ्या मिळाल्या. त्यांत आद्याक्षरे आणि रकमा होत्या. कित्येक वर्षे त्यांवर फारसे काही झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने पिच्छा पुरवल्यावर १९९६ च्या जानेवारीत दोषारोपपत्रे दाखल होऊ लागली. लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि नाव निर्मळ होईपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे जाहीर करून १९९६ ची निवडणूक खरोखरच लढवली नाही. एप्रिल १९९७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे आणि विद्याचरण शुक्ल यांच्यावरचे आरोप रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये तो निर्णय कायम केला. तिसऱ्याच कोणीतरी लिहून ठेवलेल्या नोंदी, त्यांना दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल तर, कोणाला बांधून ठेवू शकत नाहीत असा त्याचा गाभा. मधल्या काळात, डिसेंबर १९९७ मध्ये, विनीत नारायण खटल्याच्या प्रसिद्ध निकालात त्याच न्यायालयाने सीबीआयला सरकारच्या पकडीतून सोडवण्याचे निर्देश दिले. म्हणजे एकाच तपासाबद्दल दोन गोष्टी सिद्ध झाल्या. आधी तो होत नव्हता, आणि झाला तेव्हा टिकण्याजोगा झाला नाही. मग पाच वर्षे फाइल निजली ती कोणाच्या सांगण्यावरून, आणि आधाराचा पुरावा नसताना दोषारोपपत्र द्यायचे कोणी ठरवले? आरोपीच्या बाजूने विचारा किंवा संतापलेल्या नागरिकाच्या बाजूने, हा प्रश्न एकच आहे. त्याचे उत्तर देणे हे ज्याचे नेमून दिलेले काम आहे अशी जागा तेव्हा नव्हती. विनीत नारायण निकालातून पुढे २००३ चा केंद्रीय दक्षता आयोगाचा कायदा आला, आयोगाला सीबीआयच्या भ्रष्टाचारविषयक तपासावर देखरेख मिळाली; पण एखादे प्रकरण अमुक रीतीने तपासा किंवा निकाली काढा असे आयोगाने सांगायचे नाही, असेही त्याच कलमात लिहिले. हे बंधन योग्यच आहे. फक्त त्यामुळे ही देखरेख ज्याच्यावर अन्याय झाला त्या एकट्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

प्रामाणिक अधिकाऱ्याला छळापासून वाचवायला हवे याची जाणीव आपल्या कायदेमंडळाला नव्हती असे नाही. उपाय मात्र प्रत्येक वेळी एकच सुचला, तो म्हणजे दारात पहारेकरी बसवणे. खटल्याआधी सरकारची मंजुरी हा पहिला पहारा जुनाच आहे. सहसचिव आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या चौकशीलाच केंद्राची पूर्वपरवानगी, हा दुसरा. तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये घटनाबाह्य ठरवला, कारण भ्रष्ट माणसांत हुद्द्यावरून भेद करता येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीत कलम १७अ आले आणि अधिकृत निर्णय किंवा शिफारशीसंबंधीच्या कोणत्याही चौकशीला पूर्वपरवानगीची अट सगळ्या लोकसेवकांसाठी परत आली. लाच घेताना जागेवर पकडले तर ही अट नाही. म्हणजे सही करणाऱ्याला पहारा मिळाला. सातबाऱ्याच्या नोंदीसाठी हजार रुपये घेतल्याचा आरोप असलेल्या तलाठ्याला नाही.

या पहाऱ्यातला खरा दोष मात्र वेगळाच आहे. परवानगी देणारे सरकार असते, म्हणजे त्या अधिकाऱ्याचा मालकच. मालकाला सोयीचा अधिकारी असेल तर परवानगीचा कागद महिनोन्‌महिने फिरत राहील. गैरसोयीचा असेल, एखाद्या ठेकेदाराचे बिल अडवणारा असेल, तर सही होईल दुसऱ्या दिवशी. ज्या प्रामाणिक माणसाच्या नावाने हे कलम उभे केले, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत कच्चे ठरते. शिवाय परवानगी ही एका दिवसाची गोष्ट आहे. ती मिळाली की पहारेकरी घरी जातो. आत पुढची पाच वर्षे काय चालले आहे, ते पाहणे त्याच्याकडे नाही. आपण दरवाजा जड केला आणि आत दिवा लावला नाही. याचा दुहेरी तोटा झाला, कारण जड दरवाज्याने दोषी माणूसही सुरक्षित होतो, आणि त्याचा राग लोक ‘अधिकाऱ्यांना संरक्षण’ या कल्पनेवरच काढतात.

नुकसानभरपाईकडे पाहिले तर आपल्या कायद्याचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २५० विनाकारण आरोप करणाऱ्या तक्रारदाराकडून भरपाई देववते. कलम ३५८ पुरेसे कारण नसताना ज्याने पोलिसांकरवी अटक घडवून आणली, त्याच्याकडून देववते. कमाल रक्कम एक हजार रुपये. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात हे कलम ३९९ या क्रमांकाने आले आणि एक हजार रुपयेही तसेच आले. २०१३ च्या लोकपाल कायद्यात खोटी तक्रार करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, शिवाय लोकसेवकाला भरपाई आणि वकिलाचा खर्च आहे. या सगळ्या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक ठिकाणी चूक तक्रारदाराची धरलेली आहे. तक्रार खरी वाटत होती, पण तपास अधिकाऱ्याने उलट पुरावा बाजूला सारला, किंवा कोणाच्या तरी इशाऱ्यावर फाइल उघडी ठेवली, अशी शक्यता या कलमांच्या कल्पनेतच नाही. खरे तर तक्रारदार हा या साखळीतला सगळ्यांत दुबळा दुवा. त्याच्या मानेवर एक वर्षाची कैद टांगून ठेवल्याने खोट्या तक्रारी किती थांबतात हे सांगता येत नाही. खऱ्या तक्रारदाराच्या पोटात गोळा येतो एवढे मात्र नक्की.

राज्याकडून भरपाई घेण्याचा रस्ता घटनेतून जातो. १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो उघडला. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात ठेवलेल्या माणसाला पैसे देवविले. पण तो रस्ता हक्काचा नाही, न्यायालयाच्या कृपेचा आहे आणि लांबचा आहे. नंबी नारायणन यांचे प्रकरण भ्रष्टाचाराचे नव्हते, हेरगिरीचे होते. तरी लांबी मोजायला ते उपयोगी आहे. इस्रोच्या या शास्त्रज्ञाला १९९४ मध्ये अटक झाली. आरोप खोटे असल्याचे सीबीआयनेच १९९६ मध्ये सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाख रुपये देण्याचा आदेश दिला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. देशाच्या सर्वोच्च तपास यंत्रणेने स्वतःहून ‘हे खोटे आहे’ म्हटल्यानंतर बावीस वर्षे लागली. ज्याच्या बाजूने असे कोणी काही म्हटलेले नाही त्याने किती वर्षे धरून चालायचे? नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला तेव्हाच बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे कळवून ठेवले होते. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या अभियोगासाठी विशेष न्यायालये आणि राज्याकडून भरपाई सुचवली. चूक तक्रारदाराकडून उचलून राज्यावर ठेवणारा हा चांगला अहवाल होता. पण त्यातही दाद मागायची वेळ खटला संपल्यानंतरच येते, आणि त्याचा कायदा झालेला नाही.

दार नको, दिवा हवा, असे म्हणायचे तर असा दिवा कुठे लावला गेला आहे आणि त्याचा उजेड किती पडला, हे पाहायला हवे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचा अनुभव इथे सर्वांत बोलका आहे, कारण तो गोड नाही. निक ग्रायनर यांनी भ्रष्टाचार निर्मूलनाच्या मुद्द्यावर १९८८ ची निवडणूक जिंकली आणि त्याच वर्षी कायदा करून स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा केला. या आयोगाचे अधिकार आपल्याकडच्या कोणत्याही यंत्रणेला हेवा वाटावा असे आहेत. तो साक्षीदाराला बोलायला भाग पाडू शकतो, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा बचाव तिथे चालत नाही, सुनावणी जाहीर होऊ शकते आणि शेवटी आयोग ‘अमुक माणसाने भ्रष्ट वर्तन केले’ असा निष्कर्ष छापतो. ही शिक्षा नाही. मात्र त्या निष्कर्षावर गुणवत्तेचे अपीलही नाही. आयोगाने कायदा चुकीचा लावला एवढेच न्यायालयात म्हणता येते. या आयोगाच्या तावडीत सापडलेला पहिला बडा माणूस खुद्द ग्रायनर. पक्ष सोडून गेलेल्या एका माजी मंत्र्याला सरकारी पद देऊ करून त्याची विधानसभेतली जागा रिकामी करून घेतली, असा आक्षेप होता. जून १९९२ मध्ये आयोगाने निष्कर्ष काढला की सर्वसामान्य माणसाला हे वर्तन भ्रष्ट वाटणार नाही, पण कायद्याच्या व्याख्येत ते बसते. ग्रायनर यांनी राजीनामा दिला. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अपील न्यायालयाने बहुमताने ठरवले की असा निष्कर्ष काढण्याचा आयोगाला अधिकारच नव्हता. तोवर मुख्यमंत्रिपदावर दुसरा माणूस बसला होता.

तेरा वर्षांनी, २००५ मध्ये, राज्याने आयोगावर एक निरीक्षक नेमला. त्याची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. आयोगाला परवानगी देणे किंवा नाकारणे त्याच्या हातात नाही. चालू तपास तो थांबवू शकत नाही. तो आयोगाचा कोणताही कागद मागवू शकतो, कोणत्याही अधिकाऱ्याला विचारू शकतो, अधिकाराच्या गैरवापराच्या तक्रारी ऐकतो, आयोग कायद्याप्रमाणे चालतो का हे तपासतो आणि आपला अहवाल सरकारपुढे नव्हे, विधिमंडळापुढे ठेवतो. सापळ्यातला पंच वर्षभर फाइलीशेजारी बसवला, तर तो साधारण असा दिसेल.

मग याने काय साधले? २०१४ मध्ये आयोगाने मार्गारेट क्यूनीन या ज्येष्ठ सरकारी वकिलांची चौकशी सुरू केली. मुलाच्या मैत्रिणीला मोटार अपघातानंतर दारूची चाचणी चुकवण्यासाठी छातीत दुखत असल्याचे सोंग करायला सांगितले, असा आरोप होता. एप्रिल २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटले की हे खरे धरले तरी आयोगाच्या कायद्यातले भ्रष्ट वर्तन होत नाही. पुढे त्यांच्यावर खटलाही भरला गेला नाही. निरीक्षक डेव्हिड लेव्हाइन यांनी त्या वर्षाअखेर या चौकशीवर अतिशय कडक अहवाल दिला. आयोगाने तो मानला नाही, दोघांत जाहीर वाद झाला आणि काहींना निरीक्षकच मर्यादा सोडतोय असे वाटले. पण त्या वादातून प्रकरण विधिमंडळाच्या समितीपुढे गेले आणि २०१७ पासून एका आयुक्ताच्या जागी तिघे आले. आता जाहीर सुनावणी घ्यायची तर मुख्य आयुक्ताला आणखी किमान एका आयुक्ताची संमती लागते. एका अन्यायातून कार्यपद्धतीच बदलली. एखाद्या निर्दोष मुक्ततेच्या निकालाने हे सहसा होत नाही. तो निकाल त्या माणसापुरता असतो.

उजेड कुठे कमी पडला तेही सांगितले पाहिजे. क्यूनीन निकालामुळे आयोगाचे कित्येक जुने निष्कर्ष अधिकाराबाहेरचे ठरण्याची वेळ आली, तेव्हा विधिमंडळाने काही आठवड्यांत कायदा करून ते सगळे पूर्वलक्षी प्रभावाने वैध केले. दुसरे उदाहरण राज्याच्या आपत्कालीन सेवेचे आयुक्त मरे किअर यांचे. एका तक्रारदार सहकाऱ्याला सूडाने काढून टाकल्याबद्दल आयोगाने त्यांना २०१४ मध्ये भ्रष्ट ठरवले. त्याच घटनेवरून खटला झाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. आयोगाचा निष्कर्ष जिथल्या तिथे राहिला, कारण निरीक्षकाला तो पुसण्याचा अधिकार नाही आणि न्यायालयापुढे प्रश्नच वेगळा होता. इथे मला निरीक्षकाची रचना अपुरी वाटते. नोंद पुसायला नको. जे घडले ते घडले. पण त्याच नोंदीखाली, त्याच ठशात, पुढे न्यायालयात काय झाले हे लिहिले गेलेच पाहिजे आणि ते लिहायला लावण्याचा अधिकार कोणाला तरी हवा. आपल्याकडे सापळ्याची बातमी नावानिशी छापून येते. सुटकेच्या बातमीचे काय होते हे वेगळे सांगायला नको. पैशाची भरपाई ज्यांना हवी त्यांना जरूर मिळावी, पण बहुतेकांचे जे गेलेले असते ते नाव असते, आणि नाव ज्या दप्तरातून गेले त्याच दप्तरातून परत यावे लागते.

हाँगकाँगने हाच प्रश्न निराळ्या बाजूने सोडवला. तिथला आयोग १९७४ चा. पीटर गॉडबर हा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना देशाबाहेर पळाला आणि लोक रस्त्यावर उतरले, त्यातून तो जन्मला. आयोगाच्या तपासांवर एक आढावा समिती बसते. तिच्यात सरकारबाहेरच्या नागरिकांचे बहुमत असते. वर्षाहून जास्त रेंगाळलेला प्रत्येक तपास तिच्यापुढे ठेवावा लागतो आणि तिच्या सल्ल्यावाचून फाइल बंद करता येत नाही. आयोगाविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी समिती १९७७ पासून आहे. ही तरतूद दोन्हीकडून कापते हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. निर्दोष माणसाची फाइल विनाकारण उघडी ठेवली तर समिती विचारते, आणि बड्या माणसाची फाइल गुपचूप मिटवली तरी समितीच विचारते. हवाला डायऱ्यांची पाच वर्षांची झोप अशा समितीपुढे पहिल्या वर्षानंतर मोडली असती.

आता आक्षेप. सर्वांत जोरकस असा की या देशात भ्रष्ट माणसे सुटतात हे दुखणे आहे, आणि तुम्ही तपासणाऱ्यांच्याच पायात आणखी एक बेडी घालता. निरीक्षकाकडे धाव घेणारे पहिले लोक दोषीच असतील, तेही महागडे वकील घेऊन. यातले शेवटचे वाक्य मला मान्य आहे. ते येतीलच. पण निरीक्षकाला स्थगिती देण्याचा अधिकार नसेल तर त्यांच्या येण्याने तपास एक दिवसही अडत नाही. उलट आज ते उच्च न्यायालयात जातात, आणि तिथे स्थगिती मिळते. परवानगीची अट काढून तिच्या जागी देखरेख आणली, तर तपासाच्या वाटेतला एक अडथळा कमीच होईल. कलम १७अ च्या समर्थकांनी आणि विरोधकांनी एकत्र बसून करण्यासारखी ही अदलाबदल आहे.

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे सुटणाऱ्यांपैकी कितीतरी जण साक्षीदार फितूर झाल्याने सुटतात. त्यांनाही भरपाई द्यायची? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितले की तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी लाचेची मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते, ते याच अनुभवातून. म्हणूनच दाद मागण्याचा हक्क सुटकेला जोडू नये, असे माझे म्हणणे आहे. तो तपासातल्या दोषाला जोडावा. उलट पुरावा दडपला का, कायदेशीर आधाराशिवाय झडती घेतली का, वर्षानुवर्षे काहीही न करता फाइल उघडी ठेवली का, तपशील बाहेर फोडले का. या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील तर सुटलेल्या माणसालाही काही मिळू नये. त्याच्या वाट्याला संशय आला, पण तो संशय घेण्यास कारण होते. आणि उत्तर ‘होय’ असेल तर दोषी ठरलेल्या माणसाचीही ती तक्रार ऐकली जावी. हे ऐकायला जड जाते. पण प्रामाणिक तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने हीच मांडणी सुरक्षित आहे, कारण खटला पडला म्हणून त्याच्यावर बोट ठेवता येत नाही.

तिसरा आक्षेप जुना आहे: कुंपणच शेत खाऊ लागले तर? निरीक्षकावर कोण? पण कुंपणावर कुंपण असे हे नाही. तपास यंत्रणेकडे अटक करण्याचा, झडती घेण्याचा, माणसाला उभे करून विचारण्याचा अधिकार असतो. निरीक्षकाकडे फक्त वाचण्याचा आणि सांगण्याचा. लेव्हाइन यांचा अहवाल चुकला असे कोणाला वाटले तर आयोगाने जाहीरपणे तसे म्हटले, विधिमंडळाने दोन्ही बाजू ऐकल्या, आणि कोणी तुरुंगात गेले नाही. पोलीस तक्रार प्राधिकरणे आहेतच, असेही कोणी म्हणेल. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर ती आली, महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने. पण त्यांचा रोख कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी यांवर आहे. अपसंपदेच्या तक्त्यातली वजाबाकी चुकली किंवा फाइल चार वर्षे पडून राहिली, यासाठी त्यांची घडण झालेली नाही.

महाराष्ट्रात अशी जागा शोधायची तर नवी संस्था काढायचीही गरज नाही. लोकायुक्त नेमणारे हे पहिले राज्य. कायदा १९७१ चा. त्या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. एक ‘अभिकथन’, म्हणजे लोकसेवकाच्या भ्रष्टाचाराचा किंवा हेतुपुरस्सर गैरवर्तनाचा आरोप. दुसरे ‘गाऱ्हाणे’, म्हणजे कुप्रशासनामुळे नागरिकावर झालेला अन्याय. रेंगाळलेला तपास, एकांगी हिशेब, न दिलेले कागद ही सगळी गाऱ्हाण्याचीच उदाहरणे. मात्र कोणत्या बाबतींत गाऱ्हाणे ऐकायचे नाही याची एक यादी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत दिली आहे, आणि त्या यादीतली पहिली बाब गुन्ह्याच्या तपासासाठी केलेल्या कारवाईची आहे. पन्नास वर्षांपूर्वी ती घालताना राज्याची सुरक्षा आणि तपासाची गुप्तता मनात असणार. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांचा तपास त्या बाबीतून वगळायचा, लोकायुक्तांना अशा फाइली पाहण्याची मुभा द्यायची आणि वर्षाहून जुन्या तपासांची यादी दरवर्षी त्यांच्यापुढे ठेवायची, एवढे करायला अर्ध्या पानाचे दुरुस्ती विधेयक पुरते.